काय काम करता, हे रुग्णाला कसे विचारावे?

सप्रेम नमस्कार डॉक्टर,

आपले पत्र मिळाले. इतर वाचकांसाठी त्यातला मुख्य भाग आधी थोडक्यात सांगतो. आपले शिक्षण पुण्यात झाले आणि बंधपत्राच्या सेवेसाठी आपण चोपडा तालुक्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झालात. रुग्णाचे काम, घर, पाणी, चूल आणि मिळकत यांची माहिती घेतल्याशिवाय त्याच्या आजाराचा इतिहास पूर्ण होत नाही, असे आपल्याला महाविद्यालयात शिकवले होते आणि आपण ते निष्ठेने पाळत होतात. गेल्या महिन्यात खोकल्यासाठी आलेल्या एका सुनेला आपण घरात माणसे किती, संडास आहे का, उत्पन्न किती, नवरा दारू पितो का, असे ओळीने विचारले, तेव्हा सोबतच्या सासूबाई उठून उभ्या राहिल्या आणि ‘आम्ही औषधाला आलो आहोत, शिरगणतीला नाही’ असे म्हणून सुनेला घेऊन निघून गेल्या. तेव्हापासून आपण हे प्रश्न विचारणे सोडले आहे. आपण विचारता की, दिवसाला शंभरावर रुग्ण असताना या प्रश्नांना वेळ कुठून आणायचा, लोकांना ही चौकशी वाटते त्याचे काय करायचे, आणि सगळे कळले तरी मजुरी वाढवणे किंवा घर बांधून देणे आपल्या हातात नसताना विचारून उपयोग काय.

माझे मत स्पष्ट आहे. प्रश्न सोडू नका. प्रश्नांची यादी मात्र सोडून द्या. ज्या प्रश्नाच्या उत्तराने आजच्या निदानात किंवा आजच्या औषधात काही बदल होणार आहे तोच प्रश्न विचारावा, आणि तो का विचारतो आहोत हे रुग्णाला त्याच दमात सांगावे. सासूबाईंना राग आला तो प्रश्नांचा नव्हता. खोकल्याचा संडासाशी किंवा उत्पन्नाशी काय संबंध, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते, टेबलाभोवती गावातलीच आठदहा माणसे उभी होती, आणि घरातल्या पुरुषाच्या व्यसनाविषयी त्यांच्या सुनेने चारचौघांत बोलावे अशी अपेक्षा होती. त्यांच्या जागी आपली आजी असती तर तीही उठली असती. त्या सुनेला ‘ताई, खोकला धुरानेही येतो आणि धुळीनेही येतो, म्हणून विचारते, स्वयंपाक चुलीवर करता की गॅसवर, आणि सध्या कामाला कुठे जाता?’ एवढेच विचारले असते, तर बहुधा सासूबाईंनीच पुढे होऊन सगळे सांगितले असते. आपल्याकडे गॅसची जोडणी पुष्कळ घरांत पोहोचली आहे, पण टाकी भरून आणणे परवडत नाही म्हणून शेगडी झाकून ठेवलेली असते आणि भाकरी पऱ्हाट्यांच्या जाळावरच भाजली जाते. त्यामुळे ‘गॅस आहे का?’ या प्रश्नाला ‘हो’ असे खरे उत्तर मिळूनही आपली दिशाभूल होते. ‘काल भाकरी कशावर केल्या?’ असे विचारले की खरी परिस्थिती कळते. बिडीला कधी हात न लावलेल्या बाईला साठीत दम लागतो, त्यामागे बहुतेक वेळा हाच जाळ असतो.

हा विचार नवा नाही. इटलीतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कामगारांच्या आजारांवर सविस्तर लिहिताना, जुन्या आचार्यांनी रुग्णाला विचारायला सांगितलेल्या प्रश्नांत ‘तुझा धंदा कोणता?’ या एका प्रश्नाची भर घातली. गरिबाच्या घरी गेलेल्या वैद्याने सोन्याच्या खुर्चीची वाट न पाहता मिळेल त्या तिपाईवर बसावे आणि घाई न करता विचारपूस करावी, असेही त्यांनी सांगितले आहे. पुढे १७७५ साली लंडनचे शल्यचिकित्सक पर्सिव्हल पॉट यांनी धुराडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कर्करोगाचा संबंध काजळीशी जोडला. प्रयोगशाळा हाताशी नसताना केवळ काम विचारल्याने कारण सापडले, हे त्यातले महत्त्वाचे. आपल्या केंद्रातही प्रयोगशाळा जेमतेमच आहे, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता खानदेशातलीच उदाहरणे घेऊ, कारण हा प्रश्न पुस्तकात जितका कोरडा वाटतो तितका तो इथे नाही.

दिवाळीनंतर कधीतरी एक अख्खे कुटुंब आपल्यापुढे येईल. नवरा, बायको, दोन मुले, म्हातारी आई, आणि सगळ्यांची एकच तक्रार, अंगाला खाज. घरातल्या सगळ्यांना खाज म्हटल्यावर हात आपोआप खरजेच्या मलमाकडे जातो, आणि पुस्तकाप्रमाणे ते चूकही नाही. कुटुंब मलम लावते, कपडे उकळते, आणि आठ दिवसांनी जसेच्या तसे परत येते. अशा वेळी ‘घरात कापूस ठेवला आहे का?’ एवढा एकच प्रश्न विचारून पाहा. भाव वाढेल या आशेने आपल्या भागातला शेतकरी वेचलेला कापूस घरातच साठवतो. मधली खोली आढ्यापर्यंत भरलेली असते, जागा उरत नाही म्हणून मुले त्या ढिगालगत किंवा ढिगावरच गोधडी टाकून झोपतात, आणि फेब्रुवारी-मार्च उजाडला तरी कापूस हलत नाही. अशा साठवलेल्या कापसात डोळ्यांना न दिसणारे बारीक कोळीवर्गीय किडे होतात आणि ते चावतात. ते माणसाच्या कातडीत राहत नाहीत, त्यामुळे खरजेत बोटांच्या बेचक्यांत दिसणाऱ्या रेषा इथे सापडत नाहीत. पुरळ पाठीवर, पोटावर, दंडांवर, म्हणजे ढिगाला टेकणाऱ्या भागावर दिसते. माणूस चार दिवस परगावी गेला की कमी होते आणि परतला की पुन्हा उठते. याचे औषध मलमापेक्षा झोपण्याची जागा बदलण्यात आहे. कापूस विका, असे आपण सांगू नये. भाव पडलेला असताना तो सल्ला शेतकऱ्याला अपमानासारखा लागतो. मुलांची अंथरुणे ओसरीवर न्या, कापसाच्या खोलीचे दार लावून ठेवा, कापूस हाताळल्यावर अंघोळ करून कपडे बदला, एवढे सांगता येते आणि तेवढे घरात होऊ शकते. खाज कमी करणारी गोळी सोबत द्या. एका प्रश्नाने मलमाच्या पाच नळ्या आणि दोन फेऱ्या वाचल्या, आणि शंभर रुग्णांच्या गर्दीत वेळ कुठून आणायचा या आपल्या शंकेचे निम्मे उत्तरही इथेच मिळते. निदान न झालेला रुग्ण पुन्हा पुन्हा येतो आणि गर्दी त्यानेच वाढते.

दुसरे उदाहरण जिवाशी संबंधित आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वीस-बावीस वर्षांचा सालदार उलट्या आणि जुलाबांनी बेजार होऊन येतो, सोबत शेतमालक असतो आणि तोच म्हणतो, ‘पोट बिघडले आहे, सलाईन लावा.’ पावसाळा आहे, गावात गॅस्ट्रोचे इतर रुग्णही आहेत, त्यामुळे सलाईन लावून मोकळे व्हावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण घाम निथळतो आहे, तोंडाला लाळ सुटली आहे, डोळ्यांतून पाणी येते आहे आणि बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या आहेत, हे पाहिले तर पुढचा प्रश्न एकच उरतो, ‘फवारणी केली का?’ आणि हा प्रश्न मालकासमोर विचारू नये. सालदार वर्षाच्या बोलीवर बांधलेला असतो, त्याने बहुधा उचल घेतलेली असते, त्याचे कुटुंब मालकाच्याच वावरातल्या खोपीत राहत असते, आणि दवाखान्याचे पैसेही मालकच देणार असतो. त्याच्यासमोर तो ‘औषध मारताना त्रास झाला’ असे कसे म्हणेल? मालक दुष्ट असतो असे मला म्हणायचे नाही. त्याने काळजीनेच त्याला गाडीवर बसवून आणलेले असते. तरीही ‘तपासायचे आहे, जरा बाहेर थांबा’ असे म्हणून त्याला दाराबाहेर पाठवावे आणि मग विचारावे की किती दिवस फवारले, कोणते औषध होते, दोन औषधे एकत्र केली होती का, पाठीवरचा पंप गळत होता का, वाऱ्याच्या दिशेने फवारले की विरुद्ध, आणि आत्ता अंगावर आहेत तेच कपडे फवारताना होते का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण ही औषधे कातडीतून शरीरात जातात. भिजलेला सदरा अंगावर तसाच ठेवून लावलेली सलाईन म्हणजे विष चालू ठेवून केलेला उपचार. कपडे काढा, अंग साबण-पाण्याने धुवा, या विषावरचे अॅट्रोपिन सुरू करा, आणि पुढच्या रुग्णालयात पाठवताना सुरू केलेले औषध व वेळ चिठ्ठीवर लिहा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजूर मृत्युमुखी पडले, हे आपल्याला आठवत असेल. खानदेशातही कपाशी आहे, तीच औषधे आहेत आणि तोंडाला बांधलेला तोच रुमाल आहे. फवारणाऱ्याची बायको पाणी आणून देते, औषध कालवते आणि संध्याकाळी तेच कपडे हाताने धुते. तिला चक्कर आली तर तिलाही हेच विचारावे.

या रुग्णाच्या केसपेपरवर ‘धंदा: शेतमजूर’ आणि ‘निदान: विषबाधा’ एवढेच लिहिले, तर त्याचे आणि त्याच्या घरच्यांचे नुकसान होऊ शकते. विषबाधा म्हटले की पोलिसांना कळवणे ओघाने येते, आणि विष शरीरात कसे गेले याचा उल्लेख नसेल तर शंका आत्महत्येच्या प्रयत्नाकडे वळते. राज्य शासनाच्या गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत कीटकनाशके हाताळताना झालेली विषबाधा धरलेली आहे आणि मृत्यू झाल्यास खातेदार शेतकऱ्याच्या कुटुंबाला २ लाख रुपये मिळतात. आत्महत्या मात्र त्यात बसत नाही. म्हणून ‘कपाशीवर सलग तीन दिवस फवारणी, पाठीवरचा पंप गळका, कपडे भिजलेले, तिसऱ्या दिवशी दुपारी त्रास सुरू’ असे एक वाक्य रुग्णाच्या तोंडून ऐकून लिहून ठेवावे. ते लिहायला अर्धा मिनिट लागतो आणि पुढे घरच्यांना तलाठी, कृषी कार्यालय, पोलीस ठाणे यांच्या दारात तेच वाक्य उपयोगी पडते. मजुराच्या घरात कोणाच्याच नावावर सातबारा नसला तर ही योजना त्याच्या घरच्यांना लागू होत नाही, ही त्यातली मोठी उणीव आहे आणि मला ती अन्यायाची वाटते. पण तरीही नोंद नेमकी असावी, कारण भरपाईची दुसरी कोणतीही वाट याच नोंदीपासून सुरू होते.

आता कसे विचारावे, हे जरा विस्ताराने सांगतो, कारण आपली खरी अडचण तिथे आहे.

‘तुमचा व्यवसाय काय?’ असे विचारू नका. आपल्या भागातली बाई या प्रश्नाला ‘काही नाही, घरीच असते’ असे उत्तर देईल आणि आपण रकान्यात ‘गृहिणी’ लिहून पुढे जाल. तीच बाई पहाटे उठून म्हशीची धार काढते, आठ वाजता गाडीत बसून दुसऱ्या गावाला कापूस वेचायला जाते, किलोवर मजुरी असल्यामुळे दुपारी जेवायलाही वाकलेली कंबर सरळ करत नाही, आणि परत येऊन पाणी भरते. तिची कंबर का दुखते हे ‘गृहिणी’ या नोंदीतून कधीच कळणार नाही. त्यापेक्षा ‘काल सकाळी उठल्यापासून काय काय केलेत ते सांगा’ असे म्हणावे. कालच्या दिवसाविषयी माणूस खरे आणि नेमके बोलतो. अहिराणी समजत असेल तर फारच चांगले. ‘रोज काय काय काम करतस आबा?’ एवढे जरी आपल्या तोंडून आले तरी म्हातारा खुर्चीत सैल होऊन बसतो. ‘काही नही, वावरमां जास’ असे उत्तर आले तर तिथे थांबू नका. वावरात काय, हे विचारा. रावेर-यावलकडचा माणूस केळीच्या कटाईवर असेल तर तो वीस-पंचवीस किलोचा घड खांद्यावर घेऊन दिवसभर बांधापासून ट्रकपर्यंत चालतो; रात्रीच्या विजेवर पाणी भरणारा शेतकरी आठवड्यातले काही दिवस झोपतच नाही, आणि त्याची साखर किंवा रक्तदाब आटोक्यात का येत नाही याचे उत्तर गोळीच्या मात्रेत शोधून सापडणार नाही.

काम कळल्यावर आणखी दोनच प्रश्न विचारावेत. कामावर असताना त्रास वाढतो आणि घरी राहिल्यावर कमी होतो का? आणि सोबत काम करणाऱ्यांपैकी आणखी कोणाला असाच त्रास आहे का? एवढ्यावर बहुतेक वेळा भागते. जिनिंगमधला कामगार ‘सुट्टीनंतर पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभर बरे वाटते’ असे म्हणाला, तर कापसाच्या धुळीचा विचार करावा. नंदुरबारच्या पथारीवर, म्हणजे मिरची वाळवण्याच्या मैदानावर, लाल मिरचीचे देठ खुडणारी बाई हंगामभर खोकते आणि तिच्या बोटांची आग रात्रीही थांबत नाही, इतकी की तान्ह्या लेकराला उचलून घ्यायलाही ती घाबरते. पण तिचा खोकला हंगाम संपल्यावरही राहिला, वजन घटले, संध्याकाळी ताप येऊ लागला, तर मिरचीला दोष देऊन थांबू नये, क्षयासाठी थुंकी तपासावी. रक्तदाबासाठी एनालाप्रिल चालू असेल तर कोरडा खोकला त्या गोळीनेही येतो. काम विचारल्यावर सगळा दोष कामावरच टाकण्याची चूक नवे डॉक्टर करतात. कामाची माहिती हा निदानाचा एक भाग आहे, तपासणी त्यानंतरही करायचीच असते.

चौथा प्रश्न दम लागणाऱ्या किंवा क्षयाच्या रुग्णालाच विचारावा: याआधी कोणकोणती कामे केलीत? गारगोटीची भुकटी करणाऱ्या कारखान्यात काम केलेल्या माणसाच्या फुफ्फुसात सिलिकाची धूळ वर्षानुवर्षे राहते आणि आजार काम सोडल्यावरही वाढत जातो. त्यात क्षयाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो. नंदुरबारला लागून असलेल्या अलीराजपूर आणि त्यापलीकडच्या झाबुआ भागातले आदिवासी मजूर गुजरातमधल्या गोध्रा-बालासिनोर भागातल्या अशा कारखान्यांत गेले आणि त्यांच्यातले शेकडो सिलिकोसिसने दगावले. त्यांच्या वारसांना भरपाई देण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली दिला. सातपुड्यातला माणूस क्षयाचे औषध पूर्ण घेऊनही दम लागतो म्हणून परत आला, तर त्याला हे आवर्जून विचारा. जळगावच्या सराफ्यातल्या कारागिराला खोकला आणि लघवीत प्रथिने असे एकत्र दिसले, तर डाग देताना, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडताना, कॅडमियम वापरत होता का, हेही त्याच कारणाने विचारावे, कारण त्याचा धूर फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना अपाय करतो.

घराविषयीचे प्रश्न याहून नाजूक असतात. तिथे एक साधा नियम पाळावा, प्रश्न औषधाला जोडून विचारावा. ‘तुमच्याकडे फ्रिज आहे का?’ हा प्रश्न गरिबी मोजण्यासारखा वाटतो. ‘हे इन्सुलिन थंड जागी ठेवायचे असते, तुमच्याकडे कुठे ठेवता येईल?’ असे विचारले तर तोच प्रश्न काळजीचा होतो, आणि माठाजवळच्या ओल्या वाळूत ठेवायचे की शेजारच्या घरी, हे रुग्ण आपणहून सुचवतो. ‘संडास आहे का?’ याऐवजी, लघवी जास्त करणारी गोळी देताना ‘कामाच्या जागी बायकांना जायला सोय आहे का?’ असे विचारावे. ज्या ठिकाणी सोय नसते तिथल्या बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत आणि आपली गोळी गुपचूप बंद करतात. आपण मात्र रक्तदाब उतरत नाही म्हणून दुसरी गोळी वाढवतो. ती गोळी कामावरून परतल्यावर घ्यायला सांगता येते का, की दुसरे औषध बरे, हे ठरवणे पूर्णपणे आपल्या हातात आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात काम करणाऱ्याला अशी गोळी चालू ठेवताना दोनदा विचार करावा. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णाला ‘जड काम करू नका’ असे सांगून भागत नाही. तो रोजंदारीवर आहे. किती वेळाने पाणी पितो आणि पाणी सोबत नेता येते का, हे विचारा, कारण शरीरातले पाणी कमी झाले की त्याचे दुखणे उसळते.

कुटुंबाची वर्गवारी करण्यासाठी बी. जी. प्रसाद किंवा कुप्पुस्वामी यांच्या तक्त्यात बसवायचे उत्पन्नाचे आकडे परीक्षेपुरते आणि सर्वेक्षणापुरते ठीक आहेत. बाह्यरुग्ण विभागात त्यांची गरज नाही. दारूविषयी विचारणे काही वेळा अटळ असते, पण ते एकट्यात विचारावे आणि नवऱ्याची दारू बायकोला किंवा सासूला विचारू नये. आशाताईंची मदत भाषेसाठी अवश्य घ्या, विशेषतः पावरी किंवा भिल्ली बोलणारे रुग्ण असतील तेव्हा; पण खाजगी गोष्ट असेल तर त्याच गावच्या आशाताईंना मध्ये घेऊ नका. त्या कितीही विश्वासू असल्या तरी रुग्णाला उद्या त्यांच्याच दारावरून जायचे असते.

कळून काय उपयोग, हा आपला तिसरा प्रश्न. काही बदल मी वर सांगितलेच. एक आणखी सांगतो, कारण त्यात जीव वाचतो. क्षयाचे निदान होते त्याच दिवशी ‘दिवाळीनंतर कुठे जाता?’ हे विचारा. नंदुरबार, धुळे आणि चाळीसगाव-पारोळ्याकडची कितीतरी कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन कोयत्याला, म्हणजे ऊसतोडीला जातात, कोणी गुजरातमधल्या बार्डोलीकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात. क्षयाचा उपचार किमान सहा महिन्यांचा असतो. ऑगस्टमध्ये सुरू केलेले औषध नोव्हेंबरात ऊसतोडीच्या तळावर राहायला गेलेल्या माणसाला कोण देणार? आधी विचारले असेल तर क्षयरुग्णांच्या सरकारी नोंदणीतल्या निक्षय क्रमांकावरून रुग्ण तिकडच्या केंद्राकडे वर्ग करता येतो, महिन्याची औषधे हातात देता येतात, मुकादमाचा नंबर घेऊन ठेवता येतो, आणि पोषणासाठी मिळणारे महिन्याचे १,००० रुपये बँक खात्यात नियमित जमा होतात की नाही हेही पाहता येते. जाण्याच्या आदल्या दिवशी कळले तर यातले काहीच होत नाही. आणि ‘स्थलांतर करता का?’ असे विचारू नका. ‘ऊसतोडीला जाता का, यंदा कुठे जाणार?’ असे विचारा.

कारखान्यात काम करणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत कायद्याने आपल्यावर एक जबाबदारी टाकलेली आहे, जी वैद्यकीय महाविद्यालयात एका ओळीत उरकली जाते. सिलिकोसिस, शिशाची विषबाधा, कापसाच्या धुळीचा आजार असे अधिसूचित आजार आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य निरीक्षकांच्या कार्यालयाकडे लेखी कळवायचे असते. कारखाना अधिनियम, १९४८ च्या कलम ८९ मध्ये ही तरतूद होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेतही ती कायम आहे. कळवण्याआधी रुग्णाशी बोला. त्याची नोकरी जाण्याची भीती खरी असते आणि ती ऐकून न घेता पाठवलेल्या कागदामुळे तो पुन्हा आपल्याकडे येणार नाही. एकाच जिनिंगमधून किंवा एकाच खडी क्रशरवरून महिन्याभरात तिघे-चौघे सारखीच तक्रार घेऊन आले, तर ते नावे न घेता तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे मांडा. एका डॉक्टरच्या हातात मजुरीचा दर नसतो, पण ही नोंद फक्त त्याच्याच हातात असते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. विचारून झाल्यावर जे शक्य नाही ते करायला सांगू नका. रोजंदारीवरच्या माणसाला ‘आठ दिवस विश्रांती घ्या’, चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बाईला ‘धुरात बसू नका’, हमालाला ‘वजन उचलू नका’, हे सल्ले ऐकून रुग्ण मान हलवतो आणि आपल्याला काही कळत नाही असे मनाशी ठरवून निघून जातो. त्यापेक्षा ‘विश्रांती किती दिवस जमेल?’ असे विचारा. दोन दिवस म्हणाला तर दोन दिवसांत बसेल असा उपचार आखा. मजुरी किंवा नोकरी वाचण्यासाठी दाखला लागत असेल तर तो मागण्याआधी द्या.

सगळ्या रुग्णांना सगळे विचारण्याची गरज नाही, हे पुन्हा सांगतो. ताप आलेल्या मुलाच्या आईला चार दिवसांपूर्वीची मजुरी विचारू नका. पण खोकला, दम, खाज, कंबरदुखी, चक्कर, आणि औषध देऊनही बरा न होणारा कोणताही आजार, यांत कामाचा प्रश्न आधी येऊ द्या. केसपेपरवर ‘धंदा’ या रकान्यात जागा कमी पडते, तेव्हा मागच्या बाजूला लिहा. पुढच्या वेळी येणाऱ्या डॉक्टरला ते वाचता येईल इतक्या स्वच्छ अक्षरात.

आणि पत्र वाचून झाल्यावर एक काम लगेच करा. आपल्या केंद्रातला अॅट्रोपिनचा साठा आणि त्याची मुदत औषधनिर्मात्यांबरोबर बसून तपासा, कमी असेल तर मागणीपत्र आताच जिल्ह्याला पाठवा, आणि फवारणीच्या हंगामाआधीच्या मासिक बैठकीत परिचारिका व आशाताईंना बाहुल्या कशा पाहायच्या, भिजलेले कपडे का काढायचे आणि मालकाला बाहेर कसे थांबवायचे, हे प्रत्यक्ष करून दाखवा.

आपला स्नेहांकित,
सदरलेखक